गव्हाणीवरचे शामराव फोरमन

हजेरीपत्रकावर त्यांचं नाव शमुवेल येशुदास पाटोळे असं होतं. या नावानं त्यांना कारखान्यात कोणी हाक मारलेली मात्र मी कधी ऐकली नाही. मुकादमापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांसाठी ते शामराव फोरमन होते. मी रुजू झाले त्या आठवड्यात त्यांना याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ताई, आई शमुवेल म्हनायची, लष्करात सॅम म्हनायचे, हितं शामराव म्हनत्यात. हाक मारनाऱ्याला काम असतंय. आपन ओ द्यायची."

ते मूळचे नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, वडील शाळामास्तर. लष्करात त्यांनी पंधरा-सोळा वर्षं टेलिफोनच्या तारा टाकल्या आणि तुटलेल्या तारा शोधून जोडल्या. तिथून निवृत्त झाल्यावर आमच्या साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात लागले. मी तिथं इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून आले ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. तेव्हा ते पंचावन्नच्या पुढे असतील. उंच, खांद्यातून जरा वाकलेले. मिशी पांढरीशुभ्र आणि डोक्यावरचे केस काळेभोर. कलप लावता का, असं कोणी चिडवलं की म्हणायचे, "मिशी घामात भिजती, डोकं टोपीत ऱ्हातं."

त्या काळी कारखान्यात बायका म्हणजे प्रयोगशाळेत एक आणि टाइमऑफिसात दोन. हेल्मेट घालून गाळपाच्या जागी फिरणारी मी पहिलीच. माझ्याशी कसं बोलावं हे बऱ्याच जणांना कळत नसे. काही जण फारच अदबीनं बोलत, काही बोलतच नसत. शामरावांनी पहिल्याच दिवशी पॅनेलच्या खोलीची एक किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आत यायच्या आधी हात धुवा. धुऊन कोरडे करा. मळी लई चिकट असती, हाताबरुबर आत जाती." त्यापुढे मी त्या खोलीत उपरी राहिले नाही.

हात धुणं हा त्यांचा नेमच होता. यंत्र बंद पडलंय, बाहेर आरडाओरडा चाललाय, चीफ इंजिनिअर, म्हणजे आमचे चीफसाहेब, दारात उभे आहेत, तरी ते नळाखाली हात धुणार, खांद्यावरच्या पंच्याला पुसणार, मगच पॅनेलचं दार उघडणार. दार उघडल्यावरही लगेच हात घालायचे नाहीत. एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर बसून नुसते ऐकायचे. पाच मिनिटं, कधी दहा. मोटर कशी कण्हते, पंखा कुठल्या सुरात फिरतो, कुठली पट्टी कधी खटकन पडते. तेवढ्या वेळात कोणी बोललं की डाव्या हाताचा पंजा वर करत. चीफसाहेबांनाही तोच पंजा.

आणि वही. खाकी कव्हरची छोटी वही त्यांच्या खिशात कायम असे. बिघाड झाला की तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, काय बंद होतं आणि तिथं कोण होतं, एवढं शिसपेन्सिलीनं लिहून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "कोण होतं हे कशाला? माणसानं थोडंच बिघाड होतो?" ते म्हणाले, "लष्करात एकदा रोज सकाळी फोन जायचा. आठ दिवस तार तपासली, तारेला काय बी झालेलं नव्हतं. मग कळलं, स्वयंपाकी तारेवर फडकी वाळत घालतोय. मानूस लिहिला नसता तर मी आजून तार तपासत बसलो असतो."

मला त्यांच्याबद्दल जे सांगायचंय ते ज्या हंगामात घडलं, त्याच्या आदल्या वर्षी कारखान्यात नवे ड्राइव्ह बसले होते. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं, कपाटाएवढं यंत्र. बैलगाड्यांतला आणि ट्रकमधला ऊस ज्या खड्ड्यात ओततात ती गव्हाण. गव्हाणीतून लोखंडी पट्ट्यांचा सरकता रस्ता ऊस वर गाळपाकडे नेतो, त्याला आम्ही कॅरियर म्हणायचो. कॅरियरला, गाळपाच्या मोटरींना आणि बॉयलरच्या पंख्यांना असे मिळून बारा ड्राइव्ह बसले. हे बाराही ड्राइव्ह आणि कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर एकाच केबलला जोडलेले होते. केबल करंगळीएवढी. चालू हो, थांब, हळू चाल, हे सगळे हुकूम त्या एका केबलमधून जायचे. काही सेकंद हुकूम आला नाही तर ड्राइव्हनं आपणहून थांबायचं, अशी त्यात व्यवस्था होती. थांबला की त्याच्या छोट्या काचेवर लाल अक्षरांत संदेश तुटल्याची खूण यायची.

पहिला हंगाम सुरळीत गेला. दुसऱ्या हंगामात ती लाल अक्षरं दिसायला लागली. चांगला चालता चालता कॅरियर एकदम थांबायचा. पुन्हा चालू केला की चालायचा, तासाभरानं परत थांबायचा. कॅरियर थांबला की गाळप रिकामं फिरायचं, वाफेचा दाब चढायचा, आणि बाहेर यार्डात उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. तोडलेला ऊस उन्हात वाळत असायचा, बैल उभ्या जागी माना टाकायचे. ड्राइव्ह पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं ड्राइव्हमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं बदलली, चहा घेतला आणि "आता येणार नाही प्रॉब्लेम," असं सांगून गेला.

शामरावांनी केबलवरच संशय धरला. ती मोटरींच्या जाड केबलींबरोबर एकाच पत्र्याच्या नाळीतून गेली होती. "हे म्हंजी बँडच्या शेजारी बसून कानात बोलन्यासारखं हाय," म्हणून त्यांनी तीन दिवस खपून तिच्यासाठी वेगळी नाळ टाकली. बाराही पॅनेलमधले जोड उघडले, साफ केले, पुन्हा आवळले. थांबणं कमी झालं. बंद नाही झालं.

एका सकाळी चीफसाहेब पॅनेलच्या खोलीत आले. चीफ इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी संचालकांपुढे उभं राहून त्यांना बोलणी खावी लागत होती, त्याचा ताण चेहऱ्यावर दिसायचा. ते म्हणाले, "शामराव, हुकूम आला नाही तर ड्राइव्हनं थांबायलाच पाहिजे असं आहे का? आहे त्या वेगानं चालू राहू दे. तसं सेटिंग आहे ना त्यात?"

"हाय साहेब. पन ते पंख्याला, पंपाला ठीक. जिथं मानूस चढतो तिथं न्हाई."

"आणीबाणीची दोरी आहे ना कॅरियरला? ती ओढली की थांबतोच. तिचा या केबलशी संबंध नाही."

"दोरी हाय. पन थांबला समजून मानूस चढतो साहेब. चढल्यावर दोरी कोन ओढनार?"

"हंगाम संपेपर्यंत फक्त. मी सांगतोय."

खोलीत आम्ही तिघंच होतो. मग शामरावांनी हात धुतले, पुसले आणि कॅरियरच्या ड्राइव्हची बटणं दाबून सेटिंग बदललं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही. मी इंजिनिअर होते आणि ते जे म्हणत होते ते बरोबर आहे हे मला कळत होतं.

तिथून ते थेट गव्हाणीवर गेले आणि दोन्ही पाळ्यांच्या माणसांना गोळा करून सांगितलं. तिथली रीत अशी होती, की कॅरियरमध्ये ऊस अडकला की खालचा माणूस हात करायचा, कंट्रोल रूममधला ऑपरेटर कॅरियर थांबवून एक भोंगा द्यायचा, आणि भोंगा ऐकला की आकडी घेऊन माणूस पट्ट्यांवर उतरायचा. वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. शामराव म्हणाले, "आजपासून भोंग्यावर इश्वास ठेवू नका. भोंगा वाजला तरी थांबा. पट्टी डोळ्यानं बघा, थांबली असंल तरच पाय टाका." प्रत्येकाकडून ते म्हणवून घेतलं.

चार दिवस कॅरियर अखंड चालला. चीफसाहेब हसतमुखानं फिरू लागले.

पाचव्या दिवशी दशरथ शेंडगे कामावर आला. काष्टीकडचा तिशीतला माणूस, अंगानं काटक, गव्हाणीवर सात-आठ वर्षं काढलेला. बहिणीच्या लग्नासाठी तो आठवडाभर रजेवर होता. शामरावांनी माणसं गोळा केली तेव्हा तो तिथं नव्हता, आणि तो नाही हे शामरावांच्या लक्षात आलं नव्हतं. बाराच्या सुमारास ऊस अडकला. दशरथनं हात केला. ऑपरेटरनं थांबण्याचं बटण दाबलं, भोंगा दिला. हुकूम मात्र ड्राइव्हपर्यंत पोचलाच नाही. कॅरियर तेव्हा अगदी सावकाश चालला होता, वर उसाचा थर होता, खालच्या पट्ट्या हलताना दिसत नव्हत्या. दशरथनं सवयीनं उडी टाकली. पट्टी आणि बाजूचा पत्रा यांच्या फटीत त्याचा डावा पाय गेला.

दोरी कोणीतरी ओढली, म्हणून तो वाचला. शामराव धावत आले ते मी पाहिलं. एवढ्या वयाचा माणूस इतक्या जोरात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. पट्टी उलटी फिरवून पाय सोडवला तो त्यांनी. आपला पंचा त्यांनीच घट्ट बांधला, जीपमध्ये दशरथचं डोकं मांडीवर घेऊन नगरपर्यंत तेच गेले. संध्याकाळी परत आले. सदऱ्यावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. नळाखाली त्यांनी हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि कोणालाही न विचारता सेटिंग पहिल्यासारखं करून टाकलं. पॅनेलला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. मग स्टुलावर बसून वहीचा एक कागद फाडला आणि कार्यकारी संचालकांना अर्ज लिहिला. चारच ओळी होत्या. कॅरियरच्या ड्राइव्हचं सेटिंग मी बदललं. त्यामुळे कॅरियर थांबला नाही. दशरथ शेंडगे यांना मी सूचना दिली नव्हती. चौकशी व्हावी.

"चीफसाहेबांनी सांगितलं होतं, ते?" मी विचारलं.

"ते मला लिहायचं न्हाई," म्हणाले आणि अर्ज घेऊन गेले.

दशरथचा अर्धा पाय काढावा लागला. चौकशी होईपर्यंत शामरावांना इलेक्ट्रिक विभागातून काढून पंपहाऊसवर बसवलं. पाण्याचे दोन पंप, एक खोली, बाहेर कडुनिंबाचं झाड. ज्या माणसानं कारखान्याची अर्धी वायर हातानं ओढली होती त्याला दोन पंपांवर लक्ष ठेवायचं काम. ते तिथं वेळेवर जात, वेळेवर परतत. कोणाकडे गाऱ्हाणं नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र ते आणि त्यांची बायको मरियमबाई नगरला दवाखान्यात जात. मरियमबाई निवृत्त नर्स होत्या. पहिल्या वेळी दशरथच्या आईनं शामरावांना दारातच अडवलं. "तुमी येऊ नका. तुमचं त्वांड बघवत न्हाई मला." शामराव मागे फिरले आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मरियमबाई आत गेल्या. त्यांनी दशरथची चादर बदलली, पट्टी नीट आहे का पाहिलं, आईला बाजूला घेऊन काय खायला द्यायचं ते सांगितलं. असं तीन आठवडे चाललं. नवरा बाहेर बाकावर, बायको आत. एका सुट्टीला मीही त्यांच्याबरोबर गेले होते. त्या दिवशी म्हातारी पेला घेऊन दारात आली, शामरावांकडे न बघताच मरियमबाईंना म्हणाली, "बाहेर बसल्यात त्यांना म्हनावं, चहा गार होतोय." शामराव आत गेले. दशरथ उशाला टेकून बसला होता. तोच आधी म्हणाला, "फोरमन, सापडला का वो फॉल्ट?"

"न्हाई आजून."

"मग हुडका की. हितं काय बसलाय?"

परतताना एसटीत शामराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. मरियमबाईंनी आपला हात त्यांच्या मनगटावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारच्या सुट्टीत मला नोंदी मागायला लागले. सेटिंग पूर्ववत झाल्यामुळे कॅरियर पुन्हा थांबायला लागला होता. मी वेळा लिहून नेऊन द्यायची, ते आपल्या वहीशी ताडून बघायचे. आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला पंपहाऊसवर बोलावलं.

"ताई, हे बघा. साडेधा ते दीड. त्याच्या आधी न्हाई, नंतर न्हाई. पाळीवर कुनी बी असू दे. आन् गेल्या मंगळवारी, बुधवारी अजिबात न्हाई."

"मंगळवारी काय होतं?"

त्यांनी झाडाखालून समोर बोट केलं. पंपहाऊसच्या पुढ्यातच मुख्य ऑफिसचं फाटक होतं. "मंगळवारी, बुधवारी चेअरमनसाहेब मुंबईला हुते. मी हितं बसून बघतोय. त्यांची गाडी आत येती, आन् घटकाभरात लाईन जाती."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं. ते म्हणाले, "त्यांच्या केबिनीत कॉम्प्युटर हाय ना? कारखाना कसा चाललाय ते दावनारा?"

होता. हंगामाच्या सुरुवातीला दुसऱ्याच एका ठेकेदारानं तो बसवला होता. गाळपाचा वेग, मोटरींचा भार, सगळे आकडे पडद्यावर दिसायचे. चेअरमन केबिनमध्ये आले की तो चालू व्हायचा, आणि पाहुणे आले की ते कौतुकानं दाखवायचे. तो आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला आकडे कुठून मिळतात हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या नकाशात त्याची तार नव्हती. शामराव मला शेवटच्या पॅनेलच्या मागे घेऊन गेले. तिथून एक बारीक तार फुटली होती, भिंतीच्याच रंगात रंगवलेली, आणि जुन्या टेलिफोनच्या नळीत शिरली होती. "ही नळी मीच टाकलीय, कारखान्याला पहिला फोन आला तवा," ते म्हणाले. "ऑफिसात जाती."

त्यांनी चीफसाहेबांकडे तपासणीची परवानगी मागितली. चीफसाहेब म्हणाले, "चौकशी तुमची चाललीय, आणि तुम्ही दोष चेअरमनच्या केबिनमध्ये शोधता? चौकशी होऊ द्या आधी." शामरावांनी वाट पाहिली.

चौकशी चेअरमनच्याच केबिनमध्ये सकाळी अकराला बसली. चेअरमन, कार्यकारी संचालक, दोन संचालक, चीफसाहेब. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. चेअरमन धोतर-टोपीतले शेतकरी गृहस्थ. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "हे तुमी केलं?"

"व्हय. हात माझा हुता."

कार्यकारी संचालक माझ्याकडे वळले. "तुम्ही त्या वेळी खोलीत होता. सेटिंग बदलायला यांना कोणी सांगितलं होतं का?"

चीफसाहेब टेबलाकडे पाहत होते. मी शामरावांकडे पाहिलं. ते समोर भिंतीकडे बघत होते. मला नोकरी टिकवायची होती, घरी आजारी सासरे होते, मूल लहान होतं. ही कारणं मी तेव्हापासून आजवर कितीदा तरी स्वतःला सांगितली आहेत. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

चेअरमननी शामरावांना विचारलं, "अजून काय सांगायचंय?"

"एक सांगायचंय साहेब. फॉल्ट सापडलाय. तुमचा कॉम्प्युटर चालू करा."

"म्हंजी?"

"कंट्रोल रूम ड्राइव्हला हुकूम देतीया. हा कॉम्प्युटर त्याच तारेवरनं ड्राइव्हला आकडे मागतोय. तार एकच. दोघं एका वक्ताला बोलले की ड्राइव्हला कुनाचंच ऐकू येत न्हाई. बऱ्याचदा निभावून जातं. लागोपाठ चार-पाच येळा गाठ पडली की हुकूम चुकतो."

"म्हंजी माझ्यामुळं व्हय?" चेअरमन म्हणाले. चीफसाहेब मधे बोलायला लागले, चेअरमननी त्यांना थांबवलं आणि शिपायाला सांगितलं, "लाव रे ते."

पडदा उजळला. हिरवे आकडे हलायला लागले. सगळे बसून राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एका संचालकांनी घड्याळ पाहिलं. शिपायानं चहा आणला तो कोणी घेतला नाही. खिडकीतून कॅरियरची घरघर ऐकू येत होती. शामराव हात मागे बांधून उभे होते, ऐकत. पाव तास उलटून गेल्यावर ती घरघर एकाएकी थांबली. टेबलावरचा फोन वाजला. कार्यकारी संचालकांनी उचलला, ऐकला आणि ठेवला.

"कॅरियर थांबलाय," ते म्हणाले.

चेअरमन उठले, कॉम्प्युटरच्या मागे गेले आणि वाकून ती तार शोधायला लागले. सापडेना. शामरावांनी पुढे होऊन ती दाखवली. चेअरमननी ती स्वतःच्या हातानं उपसून काढली. "त्या शेंडग्याला भेटायला कोन गेलं हुतं?" त्यांनी विचारलं. त्या केबिनमधल्यांपैकी शामराव आणि एकदा मी, एवढे सोडून कोणीच गेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर त्या हंगामात लाल अक्षरं दिसली नाहीत. कॅरियरच्या थांबण्याच्या बटणासाठी केबलपासून वेगळी, स्वतंत्र तार टाकली गेली. ती टाकायला शामरावांनाच बोलावलं, पण फोरमन म्हणून नाही. चौकशीचा निकाल लागला: सुरक्षेचं सेटिंग बदलल्याबद्दल दोषी, पद काढून इलेक्ट्रिशियन. निवृत्तीला त्यांना वर्षभर राहिलं होतं. निकालाचा कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून वहीत ठेवला. "बरुबर हाय," म्हणाले.

मला राहवलं नाही. त्यांना पॅनेलच्या खोलीत एकटं गाठून म्हणाले, "मी बोलायला हवं होतं. तुम्ही चीफसाहेबांचं नाव घेतलं नाही, म्हणून मला वाटलं तुम्हालाही ते नकोय."

त्यांनी काम थांबवलं. ते मला कधी रागानं बोलले नव्हते. तेव्हाही आवाज चढला नाही, पण डोळे माझ्यावर रोखलेले होते. "माझ्यावर घालू नका ताई. मला इचारलं, मी काय केलं. मी केलं ते सांगितलं. तुमाला इचारलं, तुमी काय ऐकलं. ते तुमी सांगायचं हुतं. मला वाचवाया न्हाई. दशरथची आई इचारती, माझ्या लेकाला कशानं झालं. तिला अर्धंच कळलंय."

मी खोलीबाहेर आले ती सरळ घरी गेले. दोन दिवस रजा टाकली. तिसऱ्या दिवशी कार्यकारी संचालकांना पत्र लिहिलं, त्या सकाळी खोलीत जे बोलणं झालं ते शब्दशः. त्या पत्रानं फार काही झालं नाही. चीफसाहेबांना समज दिली असं कानावर आलं, पुढच्या हंगामाआधी ते दुसऱ्या कारखान्यात गेले. जायच्या आदल्या दिवशी ते दशरथच्या घरी जाऊन आले, तिथं काय बोलले ते कोणाला माहीत नाही. शामरावांना पद परत मिळालं नाही. माझ्याशी मात्र वर्षभर कोणी धड बोललं नाही. पत्राची प्रत मी शामरावांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. "शेवटच्या वळीत 'बहुधा' लिहिलंय. ते काढायला पाहिजे हुतं," एवढंच म्हणाले. त्या दुपारी मरियमबाईंनी माझ्यासाठी डबा पाठवला.

दशरथला टाइमऑफिसात बसून करायचं काम मिळालं. त्यासाठी शामरावांनी किती वेळ चेअरमनच्या दारात उभं राहून काढला, हे मला शिपायाकडून कळलं. निवृत्तीचा समारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी पाळी संपल्यावर ते प्रत्येक पॅनेलपाशी जाऊन दार नीट बंद आहे का पाहून आले, आणि सायकल घेऊन निघून गेले. कर्जतकडे त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, तिकडे राहायला गेले.

मीही पुढच्याच वर्षी ती नोकरी सोडली. सामान पुण्याला हलवायचं होतं, म्हणून टेम्पो ठरवायला एका शनिवारी काष्टीला गेले होते. बाजाराचा दिवस. जनावरांच्या गर्दीतून वाट काढताना मला शामराव दिसले. डोक्यावरचे केसही आता पांढरे झाले होते. बरोबर दशरथ होता, हातात काठी. दोघं एका शेळीभोवती फिरत होते. शामराव तिच्या पोटाला कान लावायला वाकले. विकणारा हसायला लागला. दशरथ ओरडला, "आवो, ती मोटर न्हाई! दात बघा, दात!" शामरावांनी डाव्या हाताचा पंजा वर केला, गप्प राहा म्हणून. दशरथ काठीवर भार टाकून मुकाट्यानं थांबला.

हाक मारावी असं मनात आलं. पण माझ्या आणि त्यांच्यामध्ये बैलांची एक दावण येऊन उभी राहिली. ती सरली तोवर व्यवहार झाला होता. शेळीचं दावं शामरावांच्या हातात होतं आणि ती चालायला तयार नव्हती. दशरथ पुढे होऊन तिला हिरवा पाला दाखवत होता. लंगडत, थांबत, मागे वळून शामरावांवर काहीतरी करवादत तो चालला होता. शामराव दावं सैल धरून, त्याच्या पावलापुढे न जाता, एसटी स्टँडकडच्या गर्दीत शिरले.